माझे चार कार्प

त्या रविवारी माझ्या जाळीत चार कार्प मासे होते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात चारवर ठाम राहिलेला माणूस मी एकटाच, आणि शेवटी मी तरी राहिलो की नाही ते मलाही धड सांगता येत नाही.

माझं नाव नेव्हिल, वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं बस चालवली, त्यातली बहुतेक सेल्बी ते यॉर्क. गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे मी उठलो, दाढी केली, गाडी काढली आणि डेपोवर जाऊन ड्यूटी लागायची वाट बघत बसलो. डेपो बंद होऊन सतरा वर्षं झाली. तिथे आता गालिच्यांचं दुकान आहे. दुकान उघडायला आलेल्या माणसाने काचेवर टकटक केली, माझ्याच मोबाइलवरून माझ्या मुलीला फोन केला आणि ती येईपर्यंत मला आत बसवून चहा पाजला. ॲलिसन आली. रागावली नाही, रडली नाही, फक्त गाडीच्या चाव्या उचलून पर्समध्ये टाकल्या. "सध्या माझ्याकडे असू देत, डॅड." ते 'सध्या' फेब्रुवारीपर्यंत चाललं.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी दवाखान्यात माझ्या डोक्याची तपासणी होती. तिथे म्हणे पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. मग कोणीतरी पस्तिशीचा माणूस ठरवतो की या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. मला गाडीचं तेवढं नव्हतं. मला हे कळायला हवं होतं की डेपोची ती पहाट म्हणजे झोपेतली एक चूक होती, की डोक्याची शिवण खरंच उसवायला लागली होती. आणि ते मला पाच शब्दांवरून कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून माझी परीक्षा मी माझी मीच ठरवली. रविवारी मासेमारीच्या हिवाळी लीगची पाचवी स्पर्धा होती. पाच तास पाण्याकाठी. प्रत्येक मासा, त्याची वेळ, अंदाजे वजन, सगळं लक्षात ठेवायचं. वजनाच्या वेळी आकडा जुळला तर डोकं शाबूत, मग मंगळवारी ते काही का म्हणेनात. नाही जुळला, तर चाव्या कायमच्या ॲलिसनकडे.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. गॉर्डनलाही नाही.

गॉर्डन आणि मी अडतीस वर्षं एका संघातून मासे धरतो. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालेलं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही मटणवाल्याकडून. माझी बायको जीन गेली त्या आठवड्यात तो दारात आला, गळाला लावायच्या अळ्यांचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, गुरुवारी कालव्यावर येतोस का? गेलो. दिवसभरात आम्ही दोघं मिळून वीस वाक्यं बोललो असू, सगळी अळ्यांबद्दल. याहून जास्त बोलायची आमच्याकडे पद्धत नाही आणि मला त्याची कधी गरजही वाटली नव्हती.

सकाळी सातला त्याची व्हॅन आली. बाहेर उणे तीन. माझी गाडी दारात आणि मी मात्र त्याच्या व्हॅनमध्ये, याबद्दल त्याने नोव्हेंबरापासून एका शब्दाने विचारलं नव्हतं. वाटेत तो पावाच्या चुऱ्याबद्दल बोलला आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "स्टुअर्ट म्हणत होता, जो सलग तीनदा गटात शेवटचा येईल त्याला फायनलला नेणार नाही."

स्टुअर्ट म्हणजे आमचा कप्तान. आणि सलग दोनदा शेवटचा आलेला माणूस म्हणजे मी.

"नाही तर नाही," मी म्हणालो.

मला खरंच त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या मनात मंगळवार होता. पण माझा आवाज कसातरीच आला असणार, कारण गॉर्डनने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हीटर वाढवला. त्याला वाटलं, मला फायनलची चिंता लागली आहे. माझंही चुकलंच. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आम्ही तोंड उघडतो ते सॅंडविच खायला.

पॉलीनचं तळं सेल्बीपासून दहा मैलांवर, बटाट्याच्या शेतांमध्ये. ती आणि तिचा भाऊ ते चालवतात. काठाने गोठलेलं पाणी तिने पहाटेच दोराला बांधलेल्या लोखंडी तुकड्याने फोडून ठेवलं होतं. तिच्या टपरीत बेकन घातलेला पाव खाल्ला, मग बादलीत हात घालून सगळ्यांनी आपापल्या जागेचा नंबर काढला. तळ्याभोवती चार गट असतात आणि प्रत्येक संघाचा एकेक माणूस एकेका गटात बसतो. ज्याची त्याची झुंज ज्याच्या त्याच्या गटाशी. मला चौदा आला, आमच्या गटाची शेवटची जागा. गॉर्डनला पंधरा, पुढच्या गटाची पहिली. म्हणजे आम्ही शेजारी शेजारी, मध्ये वाळलेल्या बोरूचा एक पट्टा, आणि तरी एकमेकांच्या विरुद्ध नाही. चौदा नंबर बघून स्टुअर्टने शिट्टी मारली. थंडीत कार्प एका ठिकाणी घोळका करून पडून राहतात, फारसं खात नाहीत, फारसं हलत नाहीत. तो घोळका ज्याच्यासमोर त्याचा दिवस, बाकीच्यांनी चहा पीत बसायचं. आणि गेले दोन रविवार घोळका चौदा-पंधरासमोर होता.

दहाला भोंगा वाजला. धुकं इतकं होतं की समोरचा काठ दिसत नव्हता. मी गळाला पावाची नखाएवढी चकती लावली, दोऱ्याला बांधलेली पिंजरी माशांना बोलवायला पावाच्या चुऱ्याने भरली आणि तीस यार्डांवर टाकली. मग काठीच्या बारीक टोकाकडे बघत बसलो. सगळा खेळ त्या टोकाचा. मासा तोंड लावतो तेव्हा ते हलतं. पण खाली घोळक्यात एखादा कार्प नुसता दोऱ्याला घासून गेला तरीही हलतं. कोणतं हलणं खरं आणि कोणतं खोटं, हे ओळखण्यात माझी चाळीस वर्षं गेली. त्या दिवशी टोक सारखंच हलत होतं आणि मला काही कळत नव्हतं. ओढावं तर गळ रिकामा, थांबावं तर पाव गायब.

पहिला दहा चाळीसला. तीन पौंडांचा, शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला. काठाशी पाण्यात बुडवलेल्या माझ्या जाळीत जिवंत सोडला, गळ्यातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण दाबलं आणि मोठ्याने म्हणालो, "एक, दहा चाळीस, तीन." दुसरा अकरा पंचवीसला, चार पौंडांचा, अंगावर मोजकेच मोठे खवले असलेला. "दोन, अकरा पंचवीस, चार." माझं मलाच बरं वाटलं. गॉर्डन असलं यंत्र वापरत नाही. त्याच्या मते ज्याला आपले मासे लक्षात राहत नाहीत त्याने विणकाम करावं.

बाराच्या सुमाराला बोरूपलीकडून त्याची हाक आली. "किती?"

आता आमच्या लोकांची एक रीत सांगतो. काठावर कोणी किती विचारलं तर खरं सांगायचं नसतं. दहा असतील तर "आहेत चारेक," चार असतील तर "एखादा," आणि दोन-तीन असतील तर काहीच नाही. हे खोटं बोलणं नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, ऐकणारा मनातल्या मनात आकडा वाढवून घेतो. खरं सांगणाऱ्या माणसाकडे आम्ही संशयानेच बघतो.

"भोपळा," मी म्हणालो.

अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझा भोपळा भोपळाच धरला, हे मला फार नंतर कळलं. मी उठून संडासला गेलो. थर्मासभर चहा, उणे तीन आणि माझं वय. टपरीमागचं ते लाकडी खोपटं गाठायला मला पाच मिनिटं लागतात, यायला पाच, आणि मध्ये कपड्यांचे तीन पदर सोडा आणि तीन पदर बांधा. परत आलो तेव्हा गॉर्डन मासा वर घ्यायची त्याची दांड्याची जाळी पाण्यात खळबळत होता. त्याने वर बघितलं नाही.

तिसरा बारा पन्नासला, अडीच पौंड. त्यानंतर धुकं पुन्हा खाली आलं. पुढच्या तासाचं मला फक्त टोक आठवतं. हलतंय, थांबतंय, हलतंय. हात इतके गार की दोरा हातात आहे की नाही ते बघून ठरवावं लागत होतं. चौथा एक पन्नासला, सगळ्यात मोठा, सहा पौंड तरी. दहा मिनिटं झुंजला. "चार, एक पन्नास, सहा." यंत्रावर चार. सव्वादोनला पुन्हा खोपटं. तीनला भोंगा. सगळं माझ्या डोक्यात जागच्या जागी होतं आणि काठ्या आवरताना मी चक्क गुणगुणत होतो.

पॉलीन काटा घेऊन आली, स्टुअर्ट वही घेऊन, आणि मागे गटातली बाकीची मंडळी. आतापर्यंत सर्वात जास्त वजन एकोणीस पौंड होतं. स्टुअर्टने विचारलं, किती आहेत?

"चार," मी म्हणालो. "साडेपंधरा पौंड."

मागे कोणीतरी हसलं. मी जाळी उचलली आणि मला ती जड लागली. म्हातारपण, म्हटलं. पॉलीनच्या वजनाच्या झोळीत जाळी उलटी केली. शेपटी तुटलेला घसरला, मोठ्या खवल्यांचा घसरला, मोठा सहा पौंडी घसरला, आणि त्यांच्यामागून आणखी. झोळीत सहा कार्प पडले होते.

"चोवीस पौंड, दोन औंस," पॉलीन म्हणाली. "चार म्हणे. नेव्हिल, तुझ्याएवढा लबाड माणूस या काठावर दुसरा नाही."

सगळे हसले. एकाने माझ्या पाठीत थाप मारली. मी झोळीत बघत होतो. मी बोटाने मोजले. परत मोजले. "माझे चार आहेत," मी म्हणालो. ते आणखी हसले. म्हातारा गट जिंकला तरी नाटक सोडत नाही, असं कोणीतरी म्हणालं. मी यंत्र दाखवलं. बघा, चार. मी वेळा सांगितल्या, दहा चाळीस, अकरा पंचवीस, बारा पन्नास, एक पन्नास. माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. हळूहळू हसणं थांबलं. पॉलीनने माझ्याकडे बघितलं आणि मग स्टुअर्टकडे. गालिच्याच्या दुकानातल्या माणसाने चहा देताना माझ्याकडे अगदी असंच बघितलं होतं.

स्टुअर्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं वय पंचेचाळीस, आवाज एकदम मऊ केलेला. "थंडीत बटण दाबायचं राहतं, नेव्हिल. माझंही राहतं."

"बटण राहिलं असेल. मासा कसा राहील?"

कार्प ओढायला पाच-पाच मिनिटं लागतात, काठी वाकते, छाती धडधडते. तो काय रुमाल आहे विसरायला? मी गॉर्डनकडे वळलो. तो शेजारचा, वजनाच्या नोंदीवर साक्षीदार म्हणून सही त्याची लागते. "तू सांग यांना," मी म्हणालो. "माझे किती होते?"

गॉर्डन त्याच्या बुटांकडे बघत होता. "सहाच," तो म्हणाला. "मी बघितलं ना तुला ओढताना." आणि त्याने सही केली. मग माझ्या हातात पेन आलं आणि मीही केली.

त्यानंतर टपरीत काय चाललं होतं ते मला धड सांगता येणार नाही. मटण भरलेली पेस्ट्री आणि वाटाणे अशी थाळी समोर आली, ती गार झाली. फळ्यावर माझं नाव गटात पहिलं लागलं. गॉर्डन त्याच्या गटात खालून दुसरा, घोळक्यासमोर बसून. लोकांनी त्याला चिडवलं आणि त्याने ऐकून घेतलं. आमचा संघ फायनलला गेला आणि स्टुअर्टने जाहीर केलं की नेव्हिल येणार. टाळ्या वाजल्या. मी हात वर केला असेन. डोक्यात मी पुन्हा दहापासून सुरू करत होतो. दहा चाळीस, अकरा पंचवीस. दरवेळी बारा पन्नासपाशी आलो की पुढे टोक हलायला लागायचं आणि मी ते बघत बसायचो. त्या तासात दोन मासे होते का? काठीच्या मुठीचा दाब, जाळीचं ओझं, काहीतरी हाताला लागेल म्हणून मी चाचपत होतो. काहीही नव्हतं. जिथे काही असायला हवं तिथे नुसतं धुकं. मला इतकी भीती जीन गेली तेव्हाही वाटली नव्हती.

परतताना व्हॅनमध्ये मीच बोललो. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याला डेपोचं सांगितलं. चाव्या कुठे आहेत ते सांगितलं, मंगळवारचं सांगितलं, आणि आजची माझी परीक्षा काय होती तेही. "झाला निकाल," मी म्हणालो. "दोन मासे गेले डोक्यातून. आज दोन मासे, उद्या ॲलिसनचं नाव जाईल. काठ्या तू घेऊन जा. मला त्यांचं आता काय करायचंय?"

सेल्बीचा फाटा आला आणि गॉर्डन सरळ पुढे गेला. मग एका मोकळ्या जागेत त्याने व्हॅन वळवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"तू भोपळा म्हणालास," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, खरंच भोपळा आहे. सकाळपासून तुझं तोंड एवढंसं झालेलं. वाटलं, फायनल गेली तर हा माणूस घरी बसेल आणि उठणार नाही." तो थांबला. "तू खोपट्यात गेलास तेव्हा मी माझा एक तुझ्या जाळीत टाकला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मला हसू आलं. इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझं डोकं शाबूत होतं. या गाढवाने भलेपणा करायला जाऊन माझ्या डोक्याची माती केली होती, पण डोकं शाबूत होतं. मी त्याला शिव्या दिल्या, एरवी वर्षभरात देत नाही तेवढ्या. काट्यापाशी सगळ्यांसमोर खोटं बोललास, मी वेडा ठरत होतो आणि तू बुटांकडे बघत होतास. तो मान हलवत होता. हो, हो.

आणि मग मला तो शब्द परत ऐकू आला.

"एक?" मी म्हणालो.

"काय?"

"तू एक म्हणालास. झोळीत सहा होते. माझे चार."

गॉर्डन माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी अजून रोज बघतो. आधी हिशेब, मग भीती. "दोन," तो म्हणाला. "दोनदा गेलास ना तू खोपट्यात. दोन्ही वेळा टाकला."

"एक म्हणालास."

"बोलण्याच्या ओघात म्हणालो. दोन, नेव्हिल. देवाशप्पथ दोन."

त्याच तोंडाने तो दुपारी सहाच म्हणाला होता. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो. खरं हलणं कोणतं आणि खोटं कोणतं, मला कळेना.

"परत चल," मी म्हणालो.

"नेव्हिल, ते मला कायमचं काढतील."

"माहीत आहे. पण फळ्यावर चोवीस लिहिलंय आणि ते माझं नाही. मला त्या आकड्याखाली राहता येणार नाही."

हे क्रूर होतं का? होतं. दुसऱ्याच्या जाळीत मासा टाकणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही. त्याचं नाव क्लबातून जातं, पुन्हा कोणत्याच तळ्यावर त्याला नंबर मिळत नाही. गॉर्डनला त्र्याहत्तरावं चालू आहे आणि रविवार सोडून त्याच्याकडे दुसरं काही नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी परत चल म्हणालो. मग त्याने इंजिन सुरू केलं.

टपरीत स्टुअर्ट खुर्च्या एकावर एक ठेवत होता आणि पॉलीन फरशी पुसत होती. गॉर्डन टोपी काढून मध्ये उभा राहिला आणि त्याने सांगून टाकलं. आढेवेढे नाहीत, कारणं नाहीत. माझ्या मंगळवारबद्दल अवाक्षर नाही. स्टुअर्टचा चेहरा पांढरा पडला. संघ जाणार, फायनल जाणार, सगळं त्याच्या लक्षात येत होतं. मग त्याने नियमात विचारायचा असतो तोच प्रश्न विचारला.

"किती टाकलेस?"

गॉर्डनने स्टुअर्टकडे बघितलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी त्याचा क्लब गेला होता, नाव गेलं होतं, आता खोटं बोलून त्याचं काहीही वाचणार नव्हतं. म्हणजे तो खरं बोलत असणार. किंवा अजून एक गोष्ट वाचवण्यासारखी होती, आणि ती मी होतो.

"दोन," तो म्हणाला.

स्टुअर्टने फडकं घेऊन माझं नाव पुसलं. मग गॉर्डनचं पुसलं. पॉलीनने आम्हा दोघांना चहा विचारला नाही, पण दाराशी आलो तेव्हा तिने गॉर्डनच्या दंडाला हात लावला.

माझ्या दारात व्हॅन थांबली तेव्हा मी म्हणालो, गुरुवारी कालव्यावर येतोस का? तिथे कोणाचा नंबर लागत नाही. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, अळ्या मी आणतो.

ॲलिसन माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्यासाठी थांबली होती. टेबलावर बटाट्याचं सूप झाकून ठेवलेलं होतं. तिने माझा कोट काढायला मदत केली, गार पडलेली बोटं आपल्या हातात धरून चोळली आणि विचारलं, "मिळालं का काही, डॅड? किती?"

मी नुसतं चार म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"चार," मी म्हणालो. "किंवा पाच. मला माहीत नाही, बेटा."

ती चोळायची थांबली.

"चाव्या तुझ्याकडेच राहू देत," मी म्हणालो, आणि सूप प्यायला बसलो.